श्रद्धा आणि ईश्वरसिद्धी : रांजणगावच्या महागणपतीच्या निमित्ताने एक प्रमाणविचार

१. प्रश्नाचे स्वरूप

ईश्वराच्या अस्तित्वाला प्रमाण आहे काय, हा एक प्रश्न आहे. प्रमाण नसताना किंवा ते अपुरे असताना ईश्वरावर श्रद्धा ठेवणे योग्य आहे काय, हा दुसरा. पहिला प्रश्न विधानाविषयी आहे, दुसरा ते विधान मानणाऱ्या माणसाविषयी. सामान्य वादात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात. त्यामुळे ईश्वरसिद्धीचा एखादा युक्तिवाद खंडित झाला की श्रद्धाच खंडित झाली असे एक पक्ष समजतो. उलट श्रद्धेला प्रमाणाची गरजच नाही, असे म्हणून दुसरा पक्ष सर्व चिकित्सेतून आपली सुटका करून घेतो. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन केवळ अमूर्त राहू नये म्हणून एका परिचित क्षेत्राचे उदाहरण समोर ठेवले आहे.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावर सुमारे ५० किलोमीटर अंतरावर रांजणगाव आहे. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान. त्रिपुरासुराशी युद्ध करताना शिवाने प्रथम गणेशाचे पूजन केले नाही म्हणून त्याला यश लाभले नाही, पुढे गणेशाची आराधना केल्यावर त्रिपुराचा वध झाला, आणि ती आराधना येथे झाली, अशी या क्षेत्राची कथा आहे. मंदिर पूर्वाभिमुख आहे. गाभाऱ्याचे काम माधवराव पेशव्यांच्या काळातले आणि सभामंडप इंदूरच्या सरदार किबे यांनी बांधविलेला, असे सांगतात. आज त्याच रांजणगावात मोठी औद्योगिक वसाहत आहे. दिवसभर यंत्राच्या सुट्या भागांची मापे काटेकोरपणे तपासणारा आणि मापात न बसणारा भाग बाजूला काढणारा कामगार संध्याकाळी महागणपतीपुढे हात जोडून उभा राहतो. त्याच्या ठायी दोन विसंगत बुद्धी नांदतात असे म्हणावे, की त्याची दोन्ही आचरणे एकाच विवेकात बसू शकतात असे म्हणावे, हा आपला प्रश्न आहे.

२. तळघरातील मूर्ती : ऐतिह्य आणि अनुपलब्धी

या क्षेत्राविषयी एक दंतकथा सर्वत्र ऐकू येते. सध्या पूजेत असलेली मूर्ती ही मूळ मूर्ती नव्हे. दहा सोंडा आणि वीस हात असलेली मूळ मूर्ती आक्रमणाच्या भयाने तळघरात लपविलेली आहे आणि तिचे नाव ‘महोत्कट’ आहे, अशी ती कथा. अशी मूर्ती असल्याचे देवस्थानाने नाकारले आहे, असेही नमूद केलेले आढळते. ‘महोत्कट’ हे नाव गणेशपुराणाच्या क्रीडाखंडातून परिचित आहे. तेथे तो कश्यप आणि अदिती यांच्या पोटी कृतयुगात झालेला, सिंहावर आरूढ असलेला दशभुज अवतार आहे. पुराणातील दहा भुजा आणि दंतकथेतील वीस हात यांतील अंतर पाहता, कथा तोंडातोंडी वाढत गेली असावी असे अनुमान करता येते.

प्रमाणशास्त्राच्या परिभाषेत अशा कथेला ‘ऐतिह्य’ म्हणतात. ज्याचा मूळ वक्ता ज्ञात नाही, पण जे परंपरेने सांगत आलेले आहे, ते ऐतिह्य. पौराणिकांनी त्याला स्वतंत्र प्रमाण मानले. न्यायमताने त्याचा अंतर्भाव शब्दप्रमाणात केला. पण शब्द प्रमाण ठरतो तो आप्तवाक्य असल्यामुळे. वक्ताच अज्ञात असेल तर त्याची आप्तता ठरविता येत नाही. म्हणून तळघरातील मूर्तीविषयीचे ऐतिह्य फार तर जिज्ञासा उत्पन्न करील, निश्चय उत्पन्न करणार नाही.

येथे अनुपलब्धीचा विचार महत्त्वाचा ठरतो. एखादी वस्तू दिसत नाही एवढ्यावरून ती नाही असे सिद्ध होत नाही. ती तेथे असती तर दिसली असती, अशी योग्यता असतानाही ती दिसली नाही, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. यालाच ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. वरच्या गाभाऱ्यात वीस हातांची मूर्ती दिसत नाही, यावरून तळघरातील मूर्तीचा अभाव ठरत नाही, कारण ती वर दिसण्याची अपेक्षाच नव्हती. मात्र तळघर उघडून, पुरेसा प्रकाश नेऊन पाहिले आणि मूर्ती आढळली नाही, तर अभाव सिद्ध झाला. म्हणजे हे विधान तत्त्वतः निर्णेय आहे. ते मानणाऱ्याच्या मनात कितीही भक्तिभाव असला तरी त्याचा खरेखोटेपणा त्या भक्तिभावाने ठरत नाही.

आता हाच न्याय ईश्वराला लावून पाहू. ‘ईश्वर दिसत नाही, म्हणून नाही’ या आक्षेपाला उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात नेमके हेच उत्तर दिले आहे. ईश्वर इंद्रियगोचर होण्यास योग्यच नाही. मग त्याच्या न दिसण्याने त्याचा अभाव कसा सिद्ध होणार? उत्तर निर्दोष आहे. तथापि त्याची एक किंमत आहे आणि ती किंमत आस्तिकाने बहुधा मोजलेली नसते. ईश्वर इंद्रियांना अगोचर असल्यामुळे त्याचे न दिसणे त्याच्या विरुद्ध मोजावयाचे नसेल, तर मूर्तीच्या ठायी दिसलेला एखादा चमत्कारही त्याच्या बाजूने सहजासहजी मोजता येणार नाही. जो पुरावा प्रतिकूल असता तर आपण दूर सारला असता, तो अनुकूल आहे म्हणून स्वीकारणे हे न्यायाला सोडून आहे. या नियमाला आपण ‘उभयपक्षी समतेचा नियम’ म्हणू. पुढील विवेचनात त्याचा वारंवार उपयोग होईल.

३. चमत्काराचे प्रामाण्य

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात, ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली. महाराष्ट्रातही देवळांपुढे रांगा लागल्या. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागातील शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून प्रयोग केला. चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे मूर्तीच्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि मग पातळ थराच्या रूपाने खाली ओघळते, असे त्यांनी दाखविले. पांढऱ्या दुधाचा ओघळ सहज लक्षात येत नाही. रंगीत दुधाचा आला.

या घटनेत तीन निराळी विधाने गुंतलेली आहेत. चमच्यातील दूध कमी होते, हे पहिले. ते मूर्ती पिते, हे दुसरे. म्हणून ईश्वर आहे, हे तिसरे. पहिले विधान खरे होते. हजारो लोकांनी ते पाहिले आणि त्यांचे डोळे त्यांना फसवीत नव्हते. दुसरे खोटे ठरले. तिसऱ्याचे काय? दुसरे विधान खोटे ठरल्याने तिसरे खोटे ठरत नाही, कारण ज्या हेतूच्या आधारे ते मांडले तो हेतू तेवढा असिद्ध झाला. एक हेतू असिद्ध झाला म्हणून साध्याचा अभाव सिद्ध होत नाही, हे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको. पण ज्याची श्रद्धा त्या दिवशी केवळ त्या चमच्यावर उभी राहिली असेल, त्याच्या श्रद्धेचा तो आधार मात्र गेला, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

याहून सूक्ष्म मुद्दा असा की दुधाचे स्पष्टीकरण सापडले नसते तरी तिसरे विधान सिद्ध झाले नसते. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण त्या दोहोंची व्याप्ती आपण अनेक ठिकाणी पाहिलेली असते. अगम्य घटना आणि ईश्वर यांची अशी व्याप्ती कोणी, कोठे पाहिली आहे? कारण ठाऊक नसणे हे अज्ञान आहे. अज्ञान हा हेतू होऊ शकत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण रांजणगावीच आहे. वर्षाच्या ठराविक दिवसांत उगवत्या सूर्याचे किरण महागणपतीच्या मूर्तीवर पडतात, असे अभिमानाने सांगतात. पूर्वाभिमुख मंदिरात, सूर्य थेट पूर्वेस उगवतो त्या विषुवदिनांच्या आसपास किरणांनी गाभाऱ्यापर्यंत जावे, यात भूमितीबाहेरचे काही नाही. वास्तुकाराने ते योजिले असल्यास तो त्याच्या ज्ञानाचा आणि भक्तीचा पुरावा होय. त्या क्षणी दर्शन घेणाऱ्याचा भाव या स्पष्टीकरणाने उणा होण्याचे कारण नाही. ज्याचा उणा होतो त्याला दर्शन हवे नसून चमत्कार हवा होता, असे म्हणावे लागते.

४. उदयनाचार्यांचे अनुमान आणि त्याची मर्यादा

चमत्कार बाजूला ठेवून सृष्टीच्या नित्य व्यवस्थेवरून ईश्वराचे अनुमान करणे हा अधिक प्रतिष्ठित मार्ग आहे. त्याचे भारतीय परंपरेतील प्रौढ प्रतिपादन न्यायकुसुमांजलीच्या पाचव्या स्तबकात आहे. कार्य, आयोजन, धृती, पद, प्रत्यय, श्रुती, वाक्य, संख्याविशेष असे अनेक हेतू तेथे दिले आहेत. त्यांतील पहिला सर्वांत प्रसिद्ध. पृथ्वी, अंकुर इत्यादी पदार्थ सकर्तृक आहेत, कारण ते कार्य आहेत, घटाप्रमाणे.

प्रतिपक्षी म्हणतो : घटाचा कर्ता कुंभार सशरीर असतो, तेव्हा पृथ्वीचा कर्ताही सशरीर मानावा लागेल. नैयायिक उत्तर देतो की, शरीर हे कर्तृत्वाचे लक्षण नव्हे. उपादानाचे ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न ज्याच्या ठायी आहेत तो कर्ता. प्रतिपक्षी पुढे म्हणतो : रानातील अंकुराला कोणीही कर्ता दिसत नाही, तेव्हा येथेच व्याप्तीचा भंग झाला. नैयायिक म्हणतो : अंकुर हा पक्षातच मोडतो, ज्याविषयी वाद आहे तेच व्याप्तीच्या विरुद्ध उदाहरण म्हणून देता येणार नाही. ही दोन्ही उत्तरे चतुर आहेत. पण दोहोंतही नैयायिकाला कुंभाराच्या अनुभवापासून दूर सरावे लागते, आणि जसजसे अंतर वाढते तसतसे दृष्टांताचे बळ घटते. मोठी कार्ये पुष्कळदा अनेक कर्त्यांनी, निरनिराळ्या काळी केलेली असतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून, हा आक्षेप तर विशेष कठीण आहे.

हा शेवटचा आक्षेप एखाद्या नास्तिकाचाच नव्हे. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात, ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या सूत्राच्या विवरणात, ईश्वरानुमानाचे असेच खंडन केले आहे. ब्रह्म शास्त्रावरूनच कळते, अनुमानाने नव्हे, ही त्यांची भूमिका. भक्तिमार्गाचा एक थोर आचार्य ईश्वराचे अनुमान मोडून काढतो आणि त्याने त्याच्या भक्तीला बाध येत नाही, ही गोष्ट ‘युक्तिवाद मोडला की श्रद्धा मोडली’ असे समजणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. पश्चिमेकडेही ह्यूमच्या १७७९ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या संवादांत रचनेवरून रचनाकाराच्या अनुमानावर अशाच तऱ्हेचे प्रहार आहेत. आणि कांटने १७८१ साली शुद्ध बुद्धीच्या चिकित्सेत ईश्वराच्या सैद्धांतिक सिद्धीचे मार्ग बंद केले, ते पुढे नैतिक श्रद्धेला जागा ठेवूनच.

उदयनाचार्यांना स्वतःच्या कार्याची मर्यादा ठाऊक होती. ग्रंथारंभीच ते म्हणतात की, प्रत्येक जण आपापल्या परीने ईश्वराला मानतोच. कारागीरदेखील त्याला विश्वकर्मा म्हणून भजतात. मग संशय कोणाला आहे? तरीही ही न्यायचर्चा ते करतात ती श्रवणानंतरचे मनन म्हणून, उपासनेचाच एक प्रकार म्हणून. म्हणजे त्यांच्या लेखी अनुमान श्रद्धेला जन्म देत नाही. अगोदरच असलेल्या श्रद्धेला ते तपासते आणि स्थिर करते. पुरीच्या जगन्नाथाचे दार बंद असल्याचे पाहून, ‘बौद्ध वादाला आले की तुझे अस्तित्व माझ्याच हाती असते’ अशा आशयाने ते देवावर रागावले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खरे आहे. ज्याने ईश्वर सिद्ध केला तोही दर्शनासाठी दाराशीच उभा होता. सिद्धी आणि दर्शन या दोन वस्तू आहेत.

५. अनुभव हे प्रमाण होईल काय?

अनुमान अपुरे ठरल्यावर प्रत्यक्षाकडे वळणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या गणपत्यथर्वशीर्षात आरंभीच गणपतीला ‘प्रत्यक्ष’ तत्त्व म्हटले आहे. पुढे तोच गुणांच्या, देहांच्या आणि काळाच्या पलीकडचा आहे असेही सांगितले आहे. अर्थात येथील प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियप्रत्यक्ष नव्हे, साक्षात् अनुभव होय. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात हीच दिशा शेवटपर्यंत नेली. शिवाने किंवा श्रीकृष्णाने सांगितले म्हणून हे आपण मानतो असे नव्हे. त्यांनी सांगितले नसते तरी ते तसेच असते, असा त्यांचा आशय आहे. परमभक्ताने शब्दप्रमाणाविषयी दाखविलेले हे स्वातंत्र्य विलक्षण आहे.

साक्षात्काराला प्रमाणाचे स्थान देण्याचा आधुनिक काळातील पद्धतशीर प्रयत्न गुरुदेव रा. द. रानडे यांनी केला. महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. भिन्न देशांतील आणि भिन्न काळांतील साक्षात्कारी पुरुषांच्या अनुभवांत आढळणारे साम्य, ही त्या अनुभवांच्या सत्यतेची एक कसोटी होय, असा त्यांचा विचार. युक्तिवाद दुर्लक्षिण्यासारखा नाही. परस्परांशी संबंध नसलेले अनेक साक्षीदार एकच गोष्ट सांगतात तेव्हा त्यांच्या साक्षीचे वजन वाढते. पण साम्याचे दुसरेही कारण संभवते, ते म्हणजे मानवी मनाची समान घडण. तेव्हा साम्यावरून अनुभव समान आहे एवढे निश्चित होते; त्या अनुभवाचा विषय मनाबाहेर आहे, हे निश्चित करण्यास आणखी काही हवे. शिवाय हा अनुभव ज्याला आला त्याच्यापुरता तो बलवत्तर आधार ठरेल. ज्याला आला नाही त्याच्यासाठी तो पुन्हा शब्दप्रमाणच होतो, आणि मग वक्त्याच्या आप्ततेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. संतांच्या चरित्राला आपल्या परंपरेत जे महत्त्व आहे त्याचे तार्किक कारण येथे सापडते. चरित्र ही आप्ततेची कसोटी आहे.

६. श्रद्धेचे स्वरूप

येथवर प्रमाणांचा विचार झाला. आता श्रद्धेकडे वळू. गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रद्धेचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद केले आहेत. म्हणजे श्रद्धा आहे एवढ्यानेच ती चांगली ठरत नाही, हे परंपरेलाही मान्य आहे. योगसूत्रांत श्रद्धेला समाधीच्या साधनांत पहिले स्थान असून व्यासभाष्य तिला चित्ताची प्रसन्नता समजते. वेदान्तात गुरूच्या आणि शास्त्राच्या वचनावरील विश्वास, असा तिचा अर्थ केला जातो. या तिन्ही ठिकाणी श्रद्धा म्हणजे केवळ एखादे विधान खरे मानणे नव्हे. ती साधकाची मार्गावर पाऊल टाकण्याची वृत्ती आहे.

यावरून कोणी म्हणेल की, श्रद्धा ही वृत्ती असल्यामुळे तिला प्रमाणाचा प्रश्न लागूच होत नाही. हे मान्य करता येत नाही. माणूस ज्याच्यावर भरवसा ठेवतो तो आहे, असे त्याने मानलेले असते. अस्तित्वाविषयी कोणताही समज न बाळगता भरवसा तेवढा ठेवता येत नाही. म्हणून श्रद्धेच्या पोटात विधान असतेच, आणि विधान आले की सत्यासत्याचा प्रश्न आलाच. अँटनी फ्लू यांनी १९५० साली विचारलेला प्रश्न याच जागी बोचतो : काय घडले असता तुम्ही आपले विधान मागे घ्याल? काहीही घडले तरी मागे घ्यावयाचे नसेल, तर तुम्ही नक्की काय सांगत आहात?

क्लिफर्ड यांनी १८७७ साली याहून कडक भूमिका घेतली. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हे सर्वत्र आणि सर्वांसाठी नैतिक दृष्ट्या गैर आहे, असा त्यांचा सिद्धांत. जहाज जुने झाल्याचे ठाऊक असूनही, ते सुखरूप पोहोचेल अशी स्वतःची समजूत घालून प्रवाशांना समुद्रावर पाठविणारा मालक, हा त्यांचा दृष्टांत. १८९६ साली विल्यम जेम्स यांनी त्यास उत्तर दिले. जेथे बुद्धी निर्णय देऊ शकत नाही, निवड टाळता येत नाही आणि जिच्यावर आयुष्याचे वळण अवलंबून आहे, तेथे मनुष्याने आपल्या अंतःप्रवृत्तीनुसार निवड करण्यात गैर नाही.

जेम्स यांच्या अटी पुष्कळदा विसरल्या जातात. तळघरातील मूर्तीचा प्रश्न त्या अटींत बसत नाही. बुद्धी त्याचा निर्णय देऊ शकते आणि तो टाळून आयुष्य चालते. नवसाने संतती होते की नाही, हाही प्रश्न बसत नाही. नवसानेच मुले होत असतील तर पती कशाला हवा, असे तुकारामांनी त्यावर रोखठोक विचारलेच आहे. मंत्राने सर्पविष उतरते की नाही, हा तर मुळीच बसत नाही. येथे क्लिफर्ड यांचे जहाज अक्षरशः बुडते, कारण दवाखान्यात पोहोचण्यास उशीर झालेला माणूस प्राणास मुकतो. विश्व आंधळे आहे की त्याच्या मुळाशी काही मंगल आहे, आणि त्यानुसार मी कसे जगावे, हा प्रश्न मात्र जेम्स यांच्या अटींत बसतो असे म्हणण्यास जागा आहे.

७. महाराष्ट्रातील वादाचे स्वरूप

हा भेद आपल्याकडे केवळ पाठ्यपुस्तकापुरता राहिलेला नाही. गेल्या शतकापूर्वीच आगरकरांनी ‘सुधारका’तून देवताकल्पनांची बुद्धिवादी चिकित्सा केली, मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने मूर्ती आणि चमत्कार सोडून एकेश्वराची उपासना राखली, महात्मा फुले यांनी पुरोहितशाही नाकारली, पण सृष्टीचा ‘निर्मिक’ मानला. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या त्यांच्या १८९१ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ती भूमिका आहे. चिकित्सा आणि ईश्वरनिष्ठा यांचे हे तीन भिन्न मेळ एकाच प्रांतात, एकाच शतकात झाले.

१९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. ईश्वर मानावा की न मानावा हे व्यक्तीवर सोपवून, शोषण करणाऱ्या प्रथांना विरोध, अशी त्यांच्या कार्याची दिशा होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी नरबळी, अमानुष प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा राज्यात आला. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन अशा आचारांना या कायद्याने स्पष्टपणे मोकळे ठेवले आहे. मात्र कायद्याची रेषा आणि प्रमाणशास्त्राची रेषा एक नव्हे. कायदा अपाय पाहतो. प्रमाणशास्त्र आधार पाहते. निरुपद्रवी असलेली समजूतही निराधार असू शकते, आणि तिला शिक्षा नसली तरी तिची चिकित्सा करण्यास मोकळीक हवी. प्रश्न विचारणाऱ्याचा जीव घेतला जातो तेथे श्रद्धेचे रक्षण होत नसून तिच्यावरील अविश्वासच प्रकट होतो. आपला आधार पक्का आहे असे ज्याला वाटते त्याला प्रश्नाचे भय नसते.

८. उपसंहार

विवेचनातून निष्पन्न झालेले मुद्दे थोडक्यात असे. एक, धार्मिक श्रद्धा हे अनेक विधानांचे आणि वृत्तींचे मिश्रण असते. त्यांतील प्रत्येकाचा प्रमाणाशी संबंध निराळा आहे, म्हणून ‘श्रद्धेला पुरावा हवा की नको’ हा प्रश्न सरसकट विचारणे चूक आहे. दोन, ज्या विधानांचा निर्णय लावता येतो त्यांचा लावला पाहिजे, आणि निर्णय प्रतिकूल गेल्यास ती सोडली पाहिजेत. तीन, ईश्वराच्या अस्तित्वाचे अनुमान निर्णायक नाही, तसेच त्याच्या अभावाचेही नाही. पण यावरून दोन्ही बाजू समबल आहेत असे आपोआप ठरत नाही, प्रत्येक हेतूचे वजन स्वतंत्रपणे केले पाहिजे. चार, अनुकूल आणि प्रतिकूल पुराव्याला एकच माप लावले पाहिजे.

रांजणगावच्या कामगाराला हे चौथे सूत्र शिकवावे लागणार नाही. माप आपल्या सोयीने बदलावयाचे नसते, हे तो रोजच्या कामात पाळतोच. तेच माप त्याने तळघराच्या कथेला आणि दुधाच्या चमच्याला लावले, तर त्याच्या हात जोडण्यातून काही गळून पडेल. काही शिल्लकही राहील. जे शिल्लक राहील ते सत्य आहे की नाही, हा प्रश्न खुला राहतो. पण ते प्रामाणिक असेल, आणि तत्त्वचिंतकाला विचार करण्यास योग्य अशी श्रद्धा तीच होय.